दारात आलेला पक्ष : ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमचा अनुभव लिहा

२०२६आधी ठाणे महापालिकेची निवडणूक झाली होती २०१७ला, नवी मुंबईची २०१५ला. मुदती संपल्या, प्रशासक आले आणि आपल्या वॉर्डातला नगरसेवक फक्त 'माजी' उरला. मग १५ जानेवारी २०२६चं मतदान जाहीर झालं आणि सत्तेतले पक्ष पुन्हा जिने चढू लागले. सदस्य नोंदणी झाली, शाखांना रंग लागला, नवे पदाधिकारी नेमले, मेळावे आणि जनता दरबार तर चालूच होते. सत्तेत बसलेला पक्ष खरंच कात टाकतो का, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. पक्षाचं, उमेदवाराचं नाव नको. कोण आलं, तुम्ही काय सांगितलं आणि पुढे त्याचं काय झालं, तेवढं मोकळेपणी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. मी नौपाड्यात राहते. आमच्याकडे गटप्रमुख म्हणून पंचविशीतली एक मुलगी आली, हातात मतदार यादीची प्रिंट. सासूबाई जाऊन बराच काळ झाला, नाव अजून यादीत. नणंद लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तीही इथेच. मुलीने दोन्ही नावांपुढे खुणा केल्या आणि सरळ सांगितलं, "काकू, ही यादी १ जुलै २०२५ची धरलीय, या निवडणुकीला आता काही बदलणार नाही. पण नाव काढायचा फॉर्म ७ आणि पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरून ठेवू, पुढच्या वेळी तरी नीट होईल." मत मागायला आलेलं माणूस "होऊन जाईल" म्हणत नाही, याचं मला फार बरं वाटलं. फॉर्म न्यायला ती पुन्हा आलीसुद्धा.

किसननगर, घरकाम करते (मुलगी लिहून देतेय)

लाडकी बहीणचा फॉर्म २०२४ला शाखेतच भरला. दीड हजार यायला लागले. मग ई-केवायसी आली. त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर मागत होते. माझे दोघंही वारले. ओटीपी येणार कुणाच्या फोनवर? मेळाव्यात स्टेजवरून सगळे बहिणी-बहिणी म्हणत होते, पण हे विचारायला तिथे जागाच नव्हती. शाखेतल्या ताई म्हणाल्या, मृत्यूचे दाखले काढून ठेवा, एकट्या बायकांसाठी सोय होतेय. नवऱ्याचा दाखला ठाण्यात मिळाला, वडिलांचा गावावरून भावाने पाठवला. सोय झाली तेव्हा ताईंनीच फोन केला आणि कागद अंगणवाडीत द्यायला माझ्यासोबत आल्या. मत कुणाला ते मी नवऱ्यालाही सांगत नव्हते, पण त्या ताईंचे उपकार आहेत.

क्लस्टरचं, म्हणजे जुन्या इमारती-चाळींच्या एकत्रित पुनर्विकासाचं विचारलं तेव्हा मात्र त्या गप्प झाल्या. २०२३ला भूमिपूजन झालं. आमची चाळ कधी पाडणार, मधल्या काळात राहायचं कुठे, भाडं कोण देणार? "साहेब सांगतील," म्हणाल्या. साहेब आमच्या गल्लीत आले, पण गाडी थांबली नाही.

घोडबंदर रोड, सोसायटीचा सेक्रेटरी

आमच्याकडे विषय एकच, पाणी. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि पालिकेची स्वतःची योजना, असं चार ठिकाणांहून पाणी गोळा होतं. टॉवर मात्र दरवर्षी वाढतात, म्हणून टँकर. विधानसभेच्या वेळी क्लबहाऊसमध्ये मेट्रोचा व्हिडिओ दाखवून गेले होते. या वेळी आलेला उमेदवार नवा होता, त्याने वही काढून सगळ्यांचं ऐकून घेतलं. वाढीव पाणी किती दशलक्ष लिटर आणि कोणत्या वर्षी, हे लेटरहेडवर द्या म्हटलं. अजून आलेलं नाही. आलं की इथे टाकतो.

ठाणे, एका पक्षाचा जुना कार्यकर्ता

आतला माणूस आहे, म्हणून जरा मोठं लिहितो. कुठल्या पक्षाचा ते सांगत नाही, कारण ठाण्यात शाखा कशी चालवायची हे सगळ्याच पक्षांनी शिवसेनेकडून घेतलं. १९६७ला तिला इथे नगरपालिकेत सत्ता मिळाली. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघेसाहेब असताना त्यांच्याकडे टेंभी नाक्यावर रात्री उशिरापर्यंत लोक बसलेले मी स्वतः पाहिलेत. त्या माणसाला २००१मध्ये जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजही दारात आलेल्या माणसाची मोजणी ठाणेकर त्याच मापाने करतात.

आम्हाला वरून आदेश आला : संघटना तरुण करा, प्रत्येक बूथवर समिती, समितीत महिला हव्यातच. नावं अ‍ॅपवर भरली. आमच्या एका बूथची अर्धी समिती एकाच इमारतीतली निघाली. तरी मी म्हणेन की काही पोरं-पोरी चांगली मिळाली, वर नौपाड्याच्या ताईंनी लिहिलंय तशी.

खरी परीक्षा तिकिटाला झाली. निम्म्या जागा महिलांच्या. आमच्याकडे बचतगट चालवणारी एक बाई आहे. कोविडमध्ये बंद दारांपुढे जेवणाचे डबे ठेवत फिरली, प्रशासकाच्या काळात लोकांचे अर्ज घेऊन तीच प्रभाग समितीच्या कार्यालयात जायची. आरक्षणाच्या सोडतीत जागा महिलांसाठी निघाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी, मिळाला तो नुकत्याच पक्षात आलेल्या एकाच्या पत्नीला. बाईने बंडखोरी केली नाही. मला एवढंच म्हणाली, "दादा, मी प्रचाराला फिरेन. पण लोक विचारतील ना, तू का नाहीस? त्यांना काय सांगू?"

मला उत्तर देता आलं नाही. ज्या पक्षाला नवं व्हायचंय त्याने अशी माणसं पुढे आणायची असतात, मी हे कुठल्याही बैठकीत उभं राहून सांगेन.

> एक वाचक : दादा, बैठकीत मांडलंत का हे?

मांडलं. निवडणुकीनंतर त्या बाईंना स्वीकृत सदस्य, म्हणजे मतदानाशिवाय नेमलेलं नगरसेवक, करू म्हणाले. त्या ते पद घेणार का, हे मी विचारलेलं नाही. तिकिटाची ती जागा त्यांच्या हक्काची होती.

ऐरोली, नोकरी करते

वय २८, महापालिकेसाठी पहिलंच मत. स्टेशनबाहेर मिस्ड कॉल द्यायला लावला आणि मी सदस्य झाले. आता सणावाराला शुभेच्छा येतात. उशिरा लोकलने उतरल्यावर सेक्टरकडे जायला बस हवी, हे सांगायचं तर त्या नंबरवर कुणी उचलत नाही.

घणसोली गाव

आमच्या जमिनींवर हे शहर उभं आहे. भूसंपादनाविरुद्धच्या १९८४च्या आंदोलनात पाच हुतात्मे झाले, मग घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. कुटुंब वाढलं म्हणून गरजेपोटी, परवानगीविना बांधलेली घरं नियमित करू, हे मात्र दर निवडणुकीला ऐकतो. शासन निर्णय निघतात, घराचा कागद काही हातात पडत नाही.

आजवर आमचा एक वॉर्ड, एक नगरसेवक होता. आता पॅनल आलंय, एका प्रभागात चार नगरसेवकांचं. कार्यकर्ता डमी मशीन घेऊन अंगणात बसला आणि आजीला शिकवलं, अ, ब, क, ड चारही जागांना बटण दाबायचं, एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर तिथे नोटा. आजीने नीट दाबून दाखवलं आणि विचारलं, "चौघांतला माझ्या घराचा कागद आणणार कोण?"

पोरगा प्रामाणिक होता, उत्तर माहीत नाही म्हणाला. घर क्रमांक आणि प्रश्न लिहून घेतला. रविवारी गावदेवीच्या देवळापाशी चौघांनाही बोलावलंय. गावाचं ठरलंय, हार-फुलं नकोत, आधी हा विषय.