धुरकं दिसतं पण आकडा कमी का?

शिवडीच्या गच्चीवरून समोरची टॉवरं दिसत नाहीत तरी अ‍ॅपवर हवा 'मध्यम' कशी, असं एकाने विचारलंय त्यावर थोडं. सरकारी एक्यूआयमध्ये, म्हणजे हवेच्या दर्जाच्या निर्देशांकात, धुळीचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढतात, त्यामुळे सकाळी सातचं धुरकं त्यात विरून जातं, तेव्हा ताशी पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, बघत जा. आणि दिसणं न दिसणं नुसतं धुळीवर नसतं, मुंबईत दमटपणा इतका की बारीक कण पाणी शोषून फुगतात आणि प्रकाश जास्त पसरवतात, पण हवा मोजायच्या सरकारी स्टेशनातल्या बऱ्याच यंत्रांत हवा आधी थोडी गरम करून कोरडी करतात म्हणून तिथे साधारण कोरड्या कणांचंच वजन येतं. घरचे स्वस्त लेझर सेन्सर फुगलेलेच कण मोजतात, म्हणून पहाटे ते जास्त दाखवतात. उपग्रहाचं अजून वेगळं, नासाच्या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेत किती प्रकाश अडला ते सांगतं, नाकाजवळचं नाही, पावसाळ्यात तर ढगांमुळे तेही मिळत नाही. म्हणून स्टेशनं अजून दाट हवीत हो, कुलाब्याच्या आकड्यावरून गोवंडीतल्या पोरांच्या छातीत काय जातंय ते कसं कळणार? आणि 'मध्यम' म्हणजे पीएम २.५ दर घनमीटर हवेत ६१ ते ९० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओची २४ तासांची मर्यादा १५ आहे. माझ्या आईला दमा आहे, अशा दिवशी मी तिला सकाळी फिरायला जाऊच देत नाही.