आमच्या भुतानं कुठल्या बोलीत बोलायचं?

खानापूरकर
परवा पुण्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, 'तुंबाड हिंदीत झाला ते बरंच झालं. मराठीत काढला असता तर दोन आठवड्यांत उतरला असता. मराठी माणूस भयकथा वाचतो, थेटरात येत नाही.' दोन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

त्या सिनेमाचा दिग्दर्शक राही अनिल बर्वे मराठी. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून त्यांनी जी गोष्ट ऐकली ती आपल्या भयकथाकार नारायण धारपांची. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलेलं. वाडा आपला, पाऊस आपला, अंधाऱ्या खोलीत साखळीला बांधलेली म्हातारी आपली. आणि त्या घरातली आई पोराला हिंदीत दटावते! तिथंच माझी निम्मी भीती उतरते.

माझी आजी इकडची, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडची. दिवेलागणीला कुणी हडळ, चकवा असलं काही काढलं की ती म्हणायची, 'तिन्हीसांजेला त्यांची नावं घेऊ नका रे.' बस्स, एवढंच. आम्ही पोरं रात्रभर परसाकडच्या दाराकडं पाठ करत नव्हतो. हे हिंदीत सांगून बघा. कानाला ओळखीचं असल्याशिवाय अंगावर काटा येत नाही.

टिळकवाडी०८
आजीच्या आठवणींवर सिनेमा निघत नाही, दादा. चित्रीकरण २०१२ ला सुरू, २०१५ ला पुन्हा बरंचसं नव्यानं, पडद्यावर आला १२ ऑक्टोबर २०१८ ला. एवढी वर्षं पैसा अडकवून बसणारा एक मराठी निर्माता दाखवा. सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. देशभर थेटरं मिळाली ती हिंदीमुळंच.

आणि धारपांचं म्हणाल तर त्यांची 'शपथ' कादंबरी स्टीफन किंगच्या 'इट' या इंग्रजी भयकादंबरीवर बेतलेली, हे त्यांच्या वाचकांना माहीत आहे. परदेशातलं भूत मराठीत आलं तर कौतुक, मराठीतलं हिंदीत गेलं की गळा काढायचा?

मूळ लेखकाला धरून राहिलं की सिनेमा चांगला होतो असंही नाही. किंगच्याच 'द शायनिंग'वरचा कुब्रिकचा १९८० चा सिनेमा किंगला आवडला नाही. १९९७ ला त्यानं स्वतः पटकथा लिहून मालिका आणली. आज लोक कुब्रिकचाच बघतात.

खानापूरकर
चोरी झाली असं मी कुठं म्हटलं? धारपांनी भूत आणलं तेव्हा त्याला आपलं घर दिलं, आपली माणसं दिली, आपलं बोलणं दिलं. तुंबाडमध्ये घर तसंच ठेवलं आणि माणसांची जीभ बदलली. फरक आहे की नाही?

पैशाचं मान्य. मराठी निर्मात्यानं हात लावला नसता हे खरं, आणि तेच जास्त लागतं.

वडगावची सून
मधे बोलते. 'कांतारा' ३० सप्टेंबर २०२२ ला कन्नडमध्ये लागला. मंगळूर-उडुपीकडच्या तुळुनाडूतला भूतकोला, म्हणजे तिथल्या दैवतांचा नाचाचा विधी, आणि किनाऱ्याकडची कन्नड. माझ्या नवऱ्याच्या मागावर कामाला येणारे इथले कन्नडवालेसुद्धा म्हणत होते, काही शब्द कळत नाहीत. तरी परत परत बघून आले. हिंदी दोन आठवड्यांनी आला. आधी आपल्या बोलीत, मग बाकीच्यांना. हे त्यांना जमतं, आपल्याला का नाही?

निपाणीकर
ताई, जमतं कारण त्यांनी कित्येक वर्षं दुसऱ्या भाषेतून डब केलेला सिनेमा दारातच अडवला. २०१५ ला स्पर्धा आयोगानं त्यांच्या सिनेसंघटनांना दंड लावला तेव्हा कुठं दार किलकिलं झालं. आणि आपण इथं त्यांचंच कौतुक करायचं? एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेदिवशी, आपण सीमाभागातल्या मराठी माणसांनी काळा दिन पाळायचा आणि दोन तारखेला कांताराच्या ओव्या गायच्या?

वडगावची सून
मी पण काळ्या दिनाच्या फेरीत जाते, माझे सासरे गेले तेव्हापासून. सिनेमा चांगला आहे म्हटलं की एकीकरण समितीतून बाहेर काढणार काय तुम्ही मला? उगाच काहीतरी बोलू नका.

निपाणीकर
काढायचा प्रश्न नाही. पण पडद्याचं राजकारण बघा. महाराष्ट्रानं २०१५ ला मल्टिप्लेक्सनी मराठीला चांगली वेळ द्यावी असा नियम केला. तो राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यापर्यंतच. गेल्या पावसाळ्यात मराठी भयपट बघायला पोरांना घेऊन निपाणीहून बेळगावला आलो. खेळ एकच, सकाळी साडेनऊचा. भुताचा सिनेमा सकाळी साडेनऊला! आम्ही सहाच जण, म्हणून तोही रद्द केला. तिकडच्यांना वाटतं आम्ही कर्नाटकातले, इकडच्यांना वाटतं आम्ही महाराष्ट्राचे. मग पुण्यातला माणूस म्हणतो, मराठी प्रेक्षक येत नाही.

कंग्राळीचा नट
सगळे थेटरावर बोलतायत, मी बोलीवर बोलतो. खानापूरकरांचं बरोबर आहे, पण अर्धंच.

मराठीत भूत म्हणजे कोकण, असं ठरूनच गेलंय. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ ला आली, मालवणीत बोलली, गाजली, तिचे पुढं आणखी दोन भाग निघाले. चांगलं झालं. पण माझी खानापूरच्या रानातली संहिता एका निर्मितीसंस्थेकडं दिली तर उत्तर काय, 'हे सिंधुदुर्गात न्या, लोकांना पटेल.' आमच्या रानात वेताळ नाहीत काय?

त्याआधीचं सांगतो. आमची एकांकिका स्पर्धेला घेऊन गेलो होतो. रात्री दार आपोआप उघडतं, बाप विचारतो, पोरगा म्हणतो, 'मी दार उघडलो नाही, बाबा.' आमच्याकडं असंच बोलतात. मी भाकरी खाल्लो, मी पुस्तक वाचलो. थेटर हसलं. सगळ्यात भीतीच्या जागी लोक खो खो हसले. परीक्षकांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, 'प्रयोग छान, फक्त भाषा शुद्ध करा, विनोदी वाटते.' परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. पोराचं काम केलेला मुलगा एकोणीस वर्षांचा होता, त्यानं परत नाटक केलं नाही.

टिळकवाडी०८
वाईट वाटलं. पण परीक्षक चुकले असं म्हणवत नाही. 'मी उघडलो' ही कन्नडची छाया आहे, मराठी व्याकरण नाही. मी शिकवणीत पोरांचं हेच दुरुस्त करतो.

कंग्राळीचा नट
छाया म्हणजे काय ओ? शंभर वर्षं ज्या घरात बोलतात ती बोली छाया? मालवणीतला 'मी खाल्लंय' चालतो, आमचा 'खाल्लो' चुकीचा? सीमाप्रश्नावर भाषणं देताना आम्ही मराठी, आणि तोंड उघडलं की दुरुस्ती? तुमच्यासारखी माणसं टिळकवाडीत राहून पुण्याची चाकरी करतात.

टिळकवाडी०८
चाकरीचा शब्द मागं घ्या. माझे वडील सत्याग्रहात तुरुंगात होते.

कंग्राळीचा नट
घेतला. वडिलांना नमस्कार. पण तुरुंगात ते कुठल्या मराठीत बोलत होते, तेवढं आठवून बघा.

खानापूरकर
दोघंही थांबा जरा. माझा मूळ मुद्दा मी आता थोडा बदलतो. मी हिंदीवर चिडलो होतो. पण आजी माझी जी बोलायची ते पुण्याच्या मराठीतही तसं भरत नाही. ती 'नावं घेऊ नका रे' म्हणत नव्हती. 'नावं घेऊ नकासा' म्हणायची. इथं वर लिहिताना मीच सरळ करून टाकलं.

वडगावची सून
बघा की. आपणच आधी पुसतो.

टिळकवाडी०८
रात्री झोप आली नाही म्हणून लिहितोय. वडील 'मी सही केलो नाही' असंच सांगायचे. माफीच्या कागदावर सही मागितली होती, त्याची गोष्ट. मी शेकडो वेळा ऐकलीय आणि एकदाही हसलो नाही. शिकवणीत दुरुस्ती करणारच, परीक्षेला मार्क जातात. पण नाटकातलं ते वाक्य बदलू नये, एवढं मान्य. तुंबाडचं अजिबात मान्य नाही.

कंग्राळीचा नट
तुंबाडचं राहू दे. येत्या रविवारी संध्याकाळी आमच्या घरच्या माळ्यावर त्याच एकांकिकेचं वाचन आहे. पोराचं काम करायला माणूस नाही. सर, तुम्ही वाचणार काय?

टिळकवाडी०८
वय एकसष्ट आहे माझं. बापाचं वाचेन.