मदत हवी आहे: बाबांना पुन्हा चालतं कसं करू?

नमस्कार मंडळी. आम्ही सदाशिव पेठेत राहतो, बाबा ७४ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी आई गेली, तेव्हापासून त्यांचा सारसबागेचा फेरा बंदच. बूट दाराशी धूळ खातायत. दिवसभर खुर्चीत, टीव्ही चालू पण आवाज बंद. रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणतात गुडघे, हृदय ठीक, चालू दे. जागतिक आरोग्य संघटनेचं 'आठवड्याला किमान १५० मिनिटं' वाचून दाखवलं, तर "मग तूच चाल" म्हणाले! (भाषण दिलं, चूक माझीच.) काल मात्र कोथिंबीर आणायला आपणहून खाली उतरले. एकट्याने चालणंच नकोसं होत असावं. जवळपास ज्येष्ठांचा हास्यक्लब किंवा सोबत चालणारा गट आहे का? आणि समुपदेशकाकडे न्यायचं तर विषय कसा काढू?