मदत हवी आहे: आईचं बीपी गावात वेगळं, शहरात वेगळं. औषध कुठल्या आकड्यावर ठरवायचं?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचून मगच सांगा.

आई ६८ वर्षांची. गावी एकटी राहते, वर्षातले चारेक महिने माझ्याकडे शहरात. बीपी निघालं त्याला सहा वर्षं झाली. गावच्या आरोग्य केंद्रातून अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी चालू होती. म्हणजे, चालू आहे असं मी धरून चालले होते.

दीड महिन्यापूर्वी ती इकडे आली. तपासणीला नेलं तर १६८/९६. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?" आई म्हणाली, "घेते की." एका गोळीला बीपी दाद देत नाही असं वाटून त्यांनी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ अशी जोडगोळी लिहून दिली.

आठव्या दिवशी सकाळी आई अंथरुणातून उठली ती कपाटाला धरूनच उभी राहिली. डोळ्यांपुढे अंधारी. घोटे सुजलेले, बोट दाबलं की खळगा पडत होता. मशीनवर १०४/६२. मी तिची औषधांची पिशवी पलंगावर ओतली. गावची पट्टी निळी, इथली लाल-पांढरी, नावं निराळी. पण निळ्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात तेच, अ‍ॅम्लोडिपिन. आई दोन्ही घेत होती. "ती तिकडची, ही इकडची," असा तिचा साधा हिशोब.

डॉक्टरांना फोन करून निळी त्याच दिवशी बंद केली. पण पट्ट्या मोजल्या तेव्हा खरी मेख कळली. तीन महिन्यांच्या गोळ्यांतल्या निम्म्याहून जास्त शिल्लक! खोदून विचारल्यावर म्हणाली, "डोकं जड झालं की घेते. बरं असताना कशाला?" केंद्रात जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो आणि गोळ्या दर वेळी मिळतातच असं नाही, म्हणून ती पुरवून पुरवून वापरते. इथे मी समोर उभी राहून गोळी देते. मग तो १६८ औषध कमी पडल्याचा की औषध न घेतल्याचा?

आता नुसत्या जोडगोळीवर घरी १२० ते १२८ येतंय. पुढच्या महिन्यात ती परत जाणार. केंद्रात जोडगोळी मिळत नाही. दोन्हीकडचे उपचार एका धाग्यात कसे बांधायचे? शेजारच्या काकूंनी कमी सोडियमचं मीठ आणून दिलंय, ते चालेल का?

प्रतिसाद १
ताई, ग्रामीण दवाखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, तुमच्या आईंसारखे पेशंट रोज भेटायचे. औषधाचा डोस काही धाग्यावर ठरत नाही. पण उरलेल्या गोळ्यांचा हिशोब डॉक्टरांच्या कानावर घातलात का? त्यांनी औषध वाढवलं ते आई रोज गोळी घेतात या समजुतीवर. आधी ते सांगा.

चालत आल्या आल्या, रांगेतून उठून, बाहीवरूनच पट्टा बांधून घेतलेला आकडा धरू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, बोलणं बंद. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरच्या मोजणीत १३५/८५. दंडाच्या मानाने पट्टा लहान असला की आकडा फुगतो. अंधारी आली होती, तेव्हा उभं करूनही मोजा.

अ‍ॅम्लोडिपिन अंगातून सावकाश उतरतं, निम्मं व्हायला ३० ते ५० तास लागतात. एखादा दिवस चुकला तरी काही जाणवत नाही, आणि तिथेच लोक फसतात.

प्रतिसाद २
गावात कसलं आलंय बीपी? मोकळी हवा, अंगमेहनत. माझ्या आजीला शेवटपर्यंत नव्हतं. हे सगळे शहरी आजार.

प्रतिसाद ३
आजीचं बीपी कधी मोजलं होतं का? मशीन दंडाला लागलंच नाही तर बीपी निघणार कुठून! बहुतेकांना त्रास काहीच होत नाही, काहींना तर एकदम पक्षाघातच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की जगात बीपी असलेल्या दर पाचांपैकी चौघांना पुरेसे उपचार मिळत नाहीत. ते सगळे काही शहरात राहत नाहीत.

प्रतिसाद ४
मिठाबद्दल. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांत मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. दवाखाना लांब असणाऱ्यांना हा उपाय फार सोयीचा, हे खरं. पण तुमच्या आईंना टेल्मिसार्टन चालू आहे, त्यानेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. किडनीची आणि पोटॅशियमची तपासणी करून डॉक्टर हो म्हणेपर्यंत ते मीठ नको.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. पट्ट्या आणि सात दिवसांची वही घेऊन काल डॉक्टरांकडे गेले. सरासरी १२४/७४, उभं राहिल्यावर ११८. उरलेल्या गोळ्या बघून ते हसले आणि म्हणाले, "हे त्या दिवशी कळायला हवं होतं." आता जोडगोळीऐवजी दोन सुट्या गोळ्या: अ‍ॅम्लोडिपिन केंद्रातून, टेल्मिसार्टन मी इथून तीन महिन्यांची देणार. एकाच कागदावर कंपनीचं नाव न लिहिता नुसती औषधांची नावं लिहून घेतली आणि त्याचा फोटो केंद्रातल्या डॉक्टरांना पाठवला. रक्ततपासणी उद्या आहे, तोवर काकूंचं मीठ तसंच कपाटात.

निळ्या पट्ट्या मी टाकायला निघाले होते. आईने हातातून काढून घेतल्या. तारीख बघितली, अजून वर्षभराची आहे. सुटी अ‍ॅम्लोडिपिन आता लागणारच, तेव्हा त्या परत पिशवीत गेल्या.