मदत हवी आहे: रात्री माळ्यावरून फुत्कार आणि मध्येच किंचाळी, वर नेमकं आहे काय?

नमस्कार मंडळी. शिराळा तालुक्यात वारणेच्या काठाला आमचं गाव. घर जुनं, दगडी जोत्याचं, वर कौलं आणि माजघरावर लाकडी माळा. माळ्यावर मोडका पाळणा, रिकामी पोती, सासऱ्यांच्या वेळची भांडी असलं सामान. वर्षातून एकदा दिवाळीला झाडतो, यंदा तेही राहिलं. मिस्टर साखर कारखान्यात आहेत, गाळप चालू आहे आणि सध्या त्यांची रात्रपाळी. घरात मी, आत्ती (सासूबाई) आणि आठवीतला मुलगा.

दिवस मावळला की वरून आवाज सुरू होतो. आधी एकच, "खर्रश्श..." असा लांब ओढलेला. थोडं थांबून परत. मग दोन-तीन ठिकाणांहून एकदम. घोरणं म्हणावं तर मध्येच फुत्कार होतो. पहाटेपर्यंत हे चालतं. तेवढंच असतं तर कानात बोळे घालून झोपलो असतो, पण अधूनमधून आढ्यापाशी अशी काही किंचाळी फुटते की उठून बसावं लागतं. परवा लाईट गेलेली, आत्ती चुलीपुढं भाकरी थापत होत्या. किंचाळी ऐकली आणि हातातली भाकरी काठवटीतच राहिली. "कोण वरडलं गं?" एवढंच म्हणाल्या. मी दार उघडून अंगणात बॅटरी मारली. काही नाही. पंखांची फडफड नाही, पावलं नाहीत. फक्त एक कौल हललं.

गावात ज्याला त्याला माहीत आहे की काय आहे ते. शेजारचे मामा म्हणतात घोणशीचं जोडपं आहे. शिराळकर म्हटल्यावर सापावर प्रत्येकाचं मत असणारच. पोरांचं म्हणणं बिबट्या. ऊसतोड सुरू झाल्यापासून व्हॉट्सॲपवर रोज कुठल्या तरी फडातला फोटो फिरतोच, शिवाय चांदोलीचं जंगल आम्हाला लांब नाही. आणि एका बाईंनी देवऋषी आणायला सांगितलंय.

मामा उद्या संध्याकाळी माळ्यावर मिरच्यांची धुरी करायला येणार आहेत. मला ते पटत नाही, माळ्याला लागूनच गोठ्याचा कडबा आहे. पण नको म्हणायला माझ्याकडं कारण पाहिजे. तर, हा आवाज कशाचा असेल? वर चढून बघावं का? बोलवायचं तर कुणाला?

प्रतिसाद, कराडहून

ताई, वर चढू नका आणि धुरी तर अजिबात करू देऊ नका. ठिणगी उडाली तर घोणस राहील बाजूला आणि घर जाईल. सर्पमित्राला बोलवा. मात्र घोणशीबद्दल मला शंका आहे. घोणस मोठ्यानं फुत्कारते हे खरं, पण डिवचल्यावर, जवळ गेल्यावर. कुठलाही साप कुणी समोर नसताना रात्रभर फुत्कारत बसत नाही. त्यातून घोणस जमिनीवरची, बांधाच्या, गवताच्या आडोशाची. माळ्यावर उंदरांच्या मागं धामण चढेल, पण ती किंचाळणार नाही.

प्रतिसाद, पाटणहून

बिबट्या नाही. आमच्याकडं कोयनेच्या बाजूला त्याचा आवाज ऐकू येतो, तो खरखरीत आणि तुटक असतो, लाकडावर करवत पुढं-मागं ओढावी तसा. आणि बिबट्या माळ्यावर महिनाभर मुक्काम करत नाही. एक विचारतो, तुमच्याकडं कुत्रं आहे का? ते काय करतं?

धागालेखिका

आहे. सुरुवातीला वर बघून भुंकायचं, आता तेही कंटाळलंय. ओट्यावर निवांत झोपतं.

प्रतिसाद, पाटणहून

मग बिबट्याचा विषय संपला. तो घराजवळ असता तर कुत्रं ओट्यावर दिसलं नसतं.

प्रतिसाद, पुण्याहून

माझा अंदाज उदमांजर. आमच्या आजोळी कौलाखाली होतं. पण त्याची पळापळ ऐकू येते आणि त्याच्या विष्ठेत फळांच्या बिया असतात. ते एकाच ठराविक जागी घाण करतं. माळ्याखाली किंवा भिंतीकडेला काय पडलंय ते दिवसा बघा. आवाजावरून भांडत बसण्यापेक्षा ते बरं.

धागालेखिका

बघितलं. बिया नाहीत. गोठ्याकडच्या भिंतीवर वरून खाली पांढरे ओघळ आलेत. आम्ही इतके दिवस ते कबुतरांचे समजत होतो. आणि त्याच्या खाली अंगठ्याएवढे काळपट गोळे पडलेत, काही वाळून करडे झालेले. मुलानं एक गोळा पाण्यात भिजवून माझ्या केसांच्या पिनेनं सोडवला. (पिन फेकून दिली.) आत सगळे केस, आणि त्यात गुंडाळलेली बारीक हाडं. एक अख्खी कवटी निघाली, पुढं दोन लांब पिवळट दात. आत्ती म्हणाल्या उंदराची आहे. वास फारसा नाही, पण बघून मला कसंतरी झालं. हे कशाचं?

प्रतिसाद, सांगलीहून

आता सांगतो. गव्हाणी घुबड. आणि वर एकटं नाही, पिलं आहेत.

घुबड उंदीर बहुतेक वेळा अख्खा गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांचा गोळा करून ते तोंडावाटे बाहेर टाकतं. तुमच्या मुलानं सोडवला तो हाच. रात्रभराचा "खर्रश्श" हा पिलांचा. भूक लागली की ती तसाच आवाज काढत राहतात आणि गव्हाणी घुबडाच्या पिलांना भूक नाही असं रात्री फारसं होत नाही. दोन-तीन ठिकाणांहून आवाज येतो त्याचं कारण तेच. किंचाळी मोठ्यांची. या जातीचं घुबड इतर घुबडांसारखं घुमत नाही, ते किंचाळतंच. फडफड ऐकू आली नाही म्हणालात ना, तिथंच मला वाटलं होतं. त्याच्या पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असतात, त्यामुळं डोक्यावरून गेलं तरी कळत नाही.

खात्री करायची तर दिवसा, लांबून. शिडीवर चढून तोंड आत घालू नका. पिलांच्या जवळ गेलं तर मोठं घुबड नख्या मारू शकतं, आणि त्या डोळ्याला लागू शकतात.

धागालेखिका

मोबाइल वेळूच्या काठीला बांधून झडपेतून व्हिडिओ काढला. तीन आहेत. पाळण्याच्या मागं भिंतीला टेकून उभी. एक बऱ्यापैकी मोठं, एक मधलं आणि एक नुसतं पांढऱ्या कापसाचं. चेहरे पांढरे, बदामाच्या आकाराचे. मोबाइल दिसला तसं तिघांनी मान खाली घालून डावीकडं-उजवीकडं डोलायला सुरुवात केली आणि तोच फुत्कार! भर दुपारी बघूनही माझा हात कापला, मग रात्रीचं सोडा.

आत्तींना दाखवलं. "मेल्यांनो, तुम्ही व्हय," म्हणाल्या आणि परत भाकऱ्यांकडं गेल्या. आमच्या घरात हा प्रश्न सुटला. गावात नाही. घुबड म्हटल्यावर मामा आणखी बिथरले. घरावर घुबड म्हणजे कुणीतरी जाणार, असं त्यांचं म्हणणं. दगड मारायलाही तयार नाहीत, कारण ते दगड उचलून नदीत टाकतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो! निदान त्या भीतीनं तरी पिलं वाचली म्हणायची. पण काल एक ओळखीचा माणूस सहज म्हणून आला आणि "अमावस्येच्या आधी पक्षी द्या, पैसे मिळतील" असं बोलून गेला. मला आता त्या आवाजापेक्षा याची भीती जास्त वाटते.

प्रतिसाद, सांगलीहून

हे गंभीर आहे, तिकडं काणाडोळा करू नका. घुबडाला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षण आहे. पकडणं, विकणं, पिलं हलवणं हा गुन्हा आहे. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, माळ्यावर घुबडाची पिलं आहेत आणि कुणीतरी विकत मागतंय हे दोन्ही सांगा. त्या माणसाला पुढच्या वेळी ओट्यावरूनच सांगा की फॉरेस्टवाल्यांकडं नोंद झालीय. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. व्हिडिओ मात्र गावच्या ग्रुपवर टाकू नका.

पिलं साधारण दोन महिन्यांची होईपर्यंत जागेवर राहतात. अंडी एका दिवशी फुटत नाहीत म्हणून तिघांची अंगलट वेगवेगळी आहे. थोरलं लवकर उडेल, कापसाचं मागून. एखादं खाली पडलं तर दूध-पाणी पाजू नका. जाड कापडात धरून परत वर ठेवा, माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकत नाहीत. जखम असेल तरच वन विभागाला द्या.

प्रतिसाद, जतवरून

एक राहिलं. घरात किंवा गोठ्यात उंदराचं औषध ठेवलं असेल तर आजच काढा. ब्रोमाडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार दिवस सुस्त फिरतो. तोच घुबडाला सापडतो आणि विष पिलांपर्यंत जातं. तसंही तुमच्याकडं यंदा औषधाची गरज पडली नसणार.

धागालेखिका

खरंय, सोयाबीनची पोती यंदा एकही कुरतडलेली नाहीत. मी ते मांजराच्या खात्यावर जमा केलं होतं. वड्या काढून टाकल्या.

1926 ला फोन केला. वनरक्षक येऊन बघून गेले, मामांनाही त्यांनीच समजावलं. मामांना पटलं असं नाही, पण धुरीचं नाव काढत नाहीत. मिस्टरांना काय, ते रात्री कारखान्यात.

शेवटचं विचारते. पिलं उडून गेल्यावर, घुबडं ज्या फटीतून आत येतात ती मला बंद करायची आहे. उंदरांचा बंदोबस्त होतो हे मान्य, पण आत्तींच्या अंथरुणावर वरून कचरा पडतो आणि पुढच्या वर्षी परत हाच जागर नको. काय लावू?

प्रतिसाद, कराडहून

अर्धा इंची वेल्डमेश (तारेची जाळी), हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. कौल आणि भिंतीच्या मधल्या फटीवर खिळे मारून बसवा. मारायच्या आधी दोन-तीन रात्री आवाज नाही याची खात्री करा आणि दिवसा बॅटरी मारून माळा रिकामा बघून घ्या, नाहीतर एखादं आतच कोंडलं जायचं.

प्रतिसाद, सांगलीहून

आणि जाळी मारायच्या आधी गोठ्याच्या लांबच्या टोकाला किंवा परड्यातल्या आंब्यावर उंचावर लाकडी पेटी टांगा. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढीच उंच, पुढं सहा इंचाचं भोक, वर पावसासाठी पत्रा. तळाला थोडा भुसा. येतील याची खात्री नाही, पण आली तर उंदीर त्यांच्याकडं आणि झोप तुमच्याकडं.