कॅलगरीचा चिनूक

कॅनडातल्या कॅलगरीत हिवाळाभर उणे तीसच असतं का, असं एकानं विचारलंय. नाही हो, मध्येच चिनूक, म्हणजे गरम कोरडा वारा, येतो! पॅसिफिकवरून आलेली हवा रॉकी पर्वतावर चढताना पाऊस-बर्फ तिकडेच टाकते आणि कोरडी होऊन इकडे उतरते. उतरताना दर किलोमीटरला साधारण १० अंश तापते. पश्चिमेला ढगांची कमान आणि खाली निळ्या आभाळाची पट्टी दिसली, की समजायचं. सकाळी उणे वीस आणि दुपारी पन्हाळीतून टपटप पाणी, असं खरंच होतं. लोक टीशर्टवर फिरायला लागतात. काहींचं मात्र त्या दिवशी डोकं धरतं.

खरी गंमत रात्री. वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं आणि दारासमोर काच अंथरल्यासारखं होतं. गेल्या वर्षी दुधाची पिशवी हातात घेऊन मी तिथंच सपशेल आडवा झालो.

थंडीपेक्षा मला कोरडेपणाच जास्त छळतो. ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला की स्थिर विजेचा चटका बसतो. आईला मात्र फोनवर इथले कपडे घरातल्या घरात तासाभरात वाळतात याचंच कौतुक. तिच्याकडे रत्नागिरीत जुलैमध्ये चार दिवस वास मारत असतात ना!