मदत हवी आहे: १२ लिटर माल्टा गॅसवर खळखळून उकळतच नाही

नमस्कार. पोस्ट थोडी लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कुठे होतेय ते कळणार नाही.

बाबा मर्चंट नेव्हीत होते. कॅरिबियनमधल्या सान हुआनच्या बंदरात ते माल्टा प्यायचे. बिअरसारखंच बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) आणि हॉप्स (एका वेलीची कडू फुलं) उकळून केलेलं, पण न आंबवलेलं, काळपट, गोड-कडू. यकृताच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी बिअर कायमची बंद केली, तेव्हापासून त्यांना त्या माल्टाची फार आठवण येते. पुढच्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी आहे, तेव्हा त्यांच्या हातात तो ग्लास द्यायचाय. यीस्ट घालणार नाही, त्यामुळे दारू होत नाही. (बिअर करायचं कोणाच्या मनात असेल तर १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरीही करता येत नाही.) उकळीपर्यंतची कृती मात्र बिअरचीच.

अडीच किलो माल्ट गिरणीतून जाडसर भरडून आणलं, ६६ अंशांच्या पाण्यात तासभर झाकून ठेवलं, मलमलच्या फडक्यातून गाळलं. १२ लिटर गोड पाणी निघालं. इथवर छान.

पुढे अडतंय. १६ लिटरचा स्टीलचा टोप, मोठा बर्नर, पूर्ण आच. उकळी यायलाच तास गेला. आणि उकळी तरी कसली, कडेने बारीक बुडबुडे, मध्ये नुसती थरथर. पळीच्या दांड्यावर खूण करून मोजलं, तासाभरात अर्धा लिटरही आटलं नाही.

झाकण ठेवलं की पाच मिनिटांत खळाखळा उकळतं. पण झाकण उचललं की उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. मला समजलंय ते असं: फिकट माल्ट तापलं की त्यातून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, हा वास त्याचा. ते एरवी वाफेबरोबर निघून जातं, पण झाकणाला वाफेचं पाणी होऊन परत टोपात ठिबकतं. म्हणजे उघडं ठेवलं तर उकळी नाही, झाकलं तर वास जात नाही. शिवाय जोरदार उकळीत प्रथिनं गोठून फाटलेल्या दुधासारखे कण सुटायला हवेत आणि पाणी नितळ व्हायला हवं. दोन्ही वेळा माझं ताकासारखं गढूळच राहिलं.

दादरला सातव्या मजल्यावर राहते, स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. दोन वर्षांपूर्वी सिलिंडर जाऊन पाइप गॅस आला, शेगडी जुनीच, दोन बर्नरची. इंडक्शन घ्यावं का? मावशी म्हणते पाणी तापवायचा रॉड सोड, पण त्याला साखर चिकटून करपेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद – टोपकरी

रॉड नकोच, तुमची भीती बरोबर आहे. इंडक्शन घेतलंत तर २००० वॅटचं घ्या, १६ अँपिअरचा प्लग लागेल, आणि टोपाच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं का ते आधी बघा. पण आत्ताच खर्च करू नका. १२ लिटर दोन टोपांत अर्धं अर्धं करा, दोन्ही बर्नर वापरा, हॉप्सही निम्मे निम्मे. तापेपर्यंत झाकण, उकळी आली की पूर्ण काढायचं. पहिली दहा मिनिटं तिथून हलू नका, फेस दुधासारखा उतू येतो. फिकट माल्ट असेल तर तासाऐवजी दीड तास उकळा. खिडकीच्या वाऱ्याने ज्योत बुडाबाहेर जात असेल तर खिडकीचं तेवढं एक दार लावा, हवा मात्र खेळती ठेवा. बर्नरभोवती पत्रा किंवा फॉइल गुंडाळू नका, रबरी नळी तापते.

मला खरी शंका जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीची येतेय. सिलिंडरच्या शेगडीचे जेट पाइप गॅससाठी बदलावे लागतात, भोक मोठं लागतं. मोठ्या बर्नरला छोट्याचा जेट बसला असेल तर आच तेवढीच राहणार. दोन्हींवर दोन-दोन लिटर पाणी त्याच भांड्यात उकळून वेळ मोजा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मोजलं. छोटा बर्नर ११ मिनिटं, मोठा १२! दोन वर्षं मी मोठा समजून त्यावर कुकर लावतेय. मेकॅनिकला उद्या बोलावलंय, जेटला मी स्वतः हात लावणार नाही. तो काहीही म्हणाला तरी रविवारी दोन टोपांत करून बघते, झाकण काढून, दीड तास. शेजारच्या काकूंकडून दुसरा टोप मागून आणलाय. कण सुटले की फोटो टाकते.